निळ्या पाहुण्याचं गाऱ्हाणं

विक्रोळी,
१८ नोव्हेंबर १९८५

ती. शेवंती आत्यास,

लवूचा नमस्कार तुझ्या पायांशी पोचावा.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. मार्तंडकाकांनी बावीच्या वाटेवर चिऱ्यांचा गडगा घातला हे वाचून ताट बाजूला सारले. बाव आजोबांनी खणलेली, तिचे पाणी दोन्ही घरांचे सामाईक. तिच्याकडे जायची वाट काकांच्या अंगणाच्या कडेने जाते, एवढाच काय तो त्यांचा हक्क. तुझ्या कोंबड्या अंगणात येतात म्हणून त्यांनी वाट बंद केली. पण कोंबड्या गडग्यावरून उडून जातात आणि तू मात्र हंडा घेऊन खालच्या व्हाळाच्या वाहत्या पाण्यावर जातेस, याला काय म्हणावे?

मी तलाठ्यांना अर्ज लिहिला आहे. पण ‘अडवणूक’ लिहावे की ‘गैरसोय’ याचा निर्णय होत नसल्यामुळे तो अजून पाकिटात घातलेला नाही. पहिला शब्द काकांना लागेल आणि दुसरा तलाठ्यांना लागणार नाही.

देवळात गाऱ्हाणे घालावे असे तू म्हणतेस. पण आपल्याकडची रीत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ज्याचे दुःख त्याने गावकाराच्या कानात सांगायचे, गावकाराने ते मोठ्याने देवापुढे मांडायचे आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. तेव्हा कुठे ते देवाला पोचते. आणि आपल्या गावचे गावकार कोण, तर मार्तंडकाका. म्हणजे काकांविरुद्ध देवाला सांगायचे तेही काकांच्याच तोंडून. यातून मार्ग दिसत नाही.

एक बातमी आहे. घाटकोपरच्या ज्या दुकानात मी पाट्या रंगवतो, तिथल्या शेठनी मला सिनेमाच्या कामावर पाठवले आहे. सिनेमाचे नाव ‘आसमानी शहज़ादा’. दुसऱ्या ग्रहावरून एक निळा पाहुणा पृथ्वीवर येतो, अशी गोष्ट आहे. पाहुण्याचे काम रिकी ब्लेझ नावाचा माणूस करतो. तो नट नव्हे, रॉक गाणी म्हणणारा मोठा कलाकार आहे. तो गिटार घेऊन ओरडतो आणि कॉलेजची मुले शर्ट काढून फिरवतात. त्याला वाक्ये पाठ होत नाहीत. म्हणून ती पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत रंगवून कॅमेऱ्यामागे धरायची, हे माझे काम. भाषा हिंदी, अक्षरे इंग्रजी. अजून एकही चूक झालेली नाही, त्यामुळे काळजी वाटते.

पाय जप. व्हाळाच्या पायऱ्यांवर शेवाळ असते.

तुझा,
लवू


कातळवाडी,
२ डिसेंबर १९८५

चि. लवू,

आशीर्वाद आहेत, ते मागावे लागत नाहीत.

अर्ज पाकिटाबाहेरच राहू दे. तलाठी गावात येतो तो मार्तंडाच्या ओटीवर बसून पोहे खातो. तुझा अर्ज तो मार्तंडालाच वाचून दाखवील, कारण मार्तंडाचा चष्मा फुटला आहे.

तुझ्या पाहुण्याचं मला नीट समजलं नाही. वरून येतो म्हणजे विमानाने? खालच्या घरातल्या प्रेमाचा नवरा मस्कतहून येतो तसा? आणि निळा का? दशावतारात विष्णूला निळा रंग लावतात. हा देव असेल तर त्याच्यासमोर चपला घालून उभा राहू नकोस. संकासुर राक्षस असेल तर चार हात लांब राहा. आणि त्याला जेवायला काय देतात तेही कळव. परक्या ठिकाणाहून आलेल्याचं पोट आधी बिघडतं.

मी बरी आहे. व्हाळावर जाताना सुंदराबाई भेटते. मार्तंडाची बायको झाली म्हणून काय, बाई वाईट नाही. काल डोकं खाली घालून म्हणाली, “वन्स, माका बोल लावू नको. माझां घरात कोण आयकता?” मी म्हटलं, “बाये, तुझा घोव गावाचां गाऱ्हाणां आयकता, घरचां आयकाक तेका येळ खंय?” हसली. हसता हसता रडली.

हंडा मात्र आता अर्धाच भरते. जड होतो.

शेवंती


विक्रोळी,
११ जानेवारी १९८६

ती. आत्या,

अर्धा हंडा वाचून मन लागत नाही. मी सुट्टी मागितली होती, पण पुठ्ठे धरणारा दुसरा कोणी नाही.

इकडची हकीकत लिहितो. यान आरे कॉलनीत उतरले आहे, म्हशींच्या गोठ्यांमागच्या माळावर. ते पत्र्याचे आहे. सुरुवातीला म्हशी बुजल्या. मग त्या यानाला अंग घासू लागल्या आणि एका बाजूचा चंदेरी रंग निघाला. आता यान एकाच बाजूने दाखवतात.

रिकीसाहेबांचे डोके पूर्ण झाकणारे एक रबरी डोके बनवले होते. त्यांनी ते घातलेच नाही. म्हणाले, “पब्लिक माझे केस बघायला येणार.” मग डायरेक्टर खेमचंदानीसाहेबांनी गोष्टीत बदल केला, की त्या ग्रहावरचे लोक केसांनी ऐकतात. गिटारही सोडायला ते तयार नव्हते, म्हणून तिकडचे लोक बंदुकीऐवजी गिटार वापरतात असे ठरले. जेवणाचे तू विचारले होतेस. निळा रंग ओठांना लागू नये म्हणून ते दिवसभर नळीने ताक पितात.

पाहुणा मानवजातीला उद्देशून एक मोठे भाषण करतो. ते त्याच्या स्वतःच्या भाषेत हवे होते. त्यासाठी अंधेरीच्या एका कॉलेजातले प्राध्यापक टिपणीस यांनी नवी भाषा तयार केली होती. ती बोलताना मधे मधे खोकावे लागते. रिकीसाहेब दर वेळी वेगळेच बोलत आणि वेगळ्याच ठिकाणी खोकत. तेच भाषण समोरून, बाजूने आणि लांबून घ्यायचे असते, त्यामुळे ओठ जुळेनात. प्राध्यापक म्हणाले, “तुम्ही क्रियापदाचा खून करत आहात.” रिकीसाहेब म्हणाले, “यार, प्लॅनेट मेरा है, ग्रामर भी मेरा.” प्राध्यापक टॅक्सीत बसून गेले.

त्यानंतर भाषेची काहीतरी सोय झाली व भाषण पार पडले.

सहज एक शंका विचारतो. माझ्या एका मित्राने विचारली आहे. समजा, एखाद्याने गाऱ्हाण्याचे शब्द देवळाबाहेर, दुसऱ्याच कारणाने उच्चारले, तर ते लागू होते का? आणि लागू झाले तर कोणाला? घाई नाही, पण उलट टपालाने कळव.

तुझा,
लवू


कातळवाडी,
२० जानेवारी १९८६

चि. लवू,

तुझ्या मित्राला माझा आशीर्वाद सांग. त्याला विचार, लहानपणी खोटं बोलताना तो कानाची पाळी ओढायचा, ती सवय अजून आहे का?

मेल्या, काय केलंस तां सरळ लिही. मी व्हाळावरून येताना घसरले. मोडलं नाही, मुरगळलं आहे. तेव्हा मला आता बसून विचार करायला भरपूर वेळ आहे.

शेवंती


विक्रोळी,
२ फेब्रुवारी १९८६

ती. आत्या,

तुझ्या पायासाठी बाटलीतले तेल पाठवतो आहे. चोळताना वरून खाली चोळ.

सरळ लिहितो. प्राध्यापक गेले तेव्हा सूर्य कलला होता आणि उजेड गेला तर दिवस फुकट जाणार होता. खेमचंदानीसाहेब ओरडले, “अरे, कोई कुछ भी बोलो! समझ में नहीं आना चाहिए, बस!”

एवढी माणसे, पण कोणालाही समजणार नाही असे बोलणे एकालाही जमेना. मारामारी शिकवणाऱ्या मास्तरांनी प्रयत्न केला, त्यात शिव्या आल्या आणि त्या सगळ्यांना समजल्या. मग साहेबांचे बोट माझ्यावर आले. “ए पुठ्ठा, तू बोल!”

शर्टाच्या खिशात तुझे अर्ध्या हंड्याचे पत्र होते. मी डोळे मिटले, हात जोडले आणि तोंड उघडले, तर गाऱ्हाणेच बाहेर आले.

“बा देवा म्हाराजा! ह्यां लेकरू आज तुझ्या पायाकडे गाऱ्हाणां घेवन उभां आसा, तां मान्य करून घे रे म्हाराजा. बावीची वाट जेणी गडगो घालून अडवली आसा, तेच्या मनात उजेड पाड आणि ती वाट मोकळी कर रे म्हाराजा. काम झालां तर ह्यां लेकरू तुझ्या दारात येवन पाच नारळ देतलां रे म्हाराजा!”

डोळे उघडले तर साहेब टाळ्या वाजवत होते. “फॅन्टास्टिक! ये कौन से ग्रह का है?”

मी घाबरून खरे ते सांगितले. “कुडाळ, साहेब.”

“कुडाल! वाह! ग्रह का नाम भी यही रखो!”

आता सिनेमात पाहुणा कुडाळ ग्रहावरून येतो. मी ते यानावर रंगवलेसुद्धा आहे.

रिकीसाहेबांनी भाषण दोनदा ऐकले आणि तिसऱ्यांदा धडाधड म्हणून दाखवले. पुठ्ठ्याची गरजच पडली नाही. याचे मला त्या वेळी नवल वाटले.

कॅमेरा सुरू झाला. त्यांनी निळे हात वर केले, “रे म्हाराजा” म्हटले, आणि वरच्या मचाणावरून एका आवाजात आले, “व्हय म्हाराजा!” दिवे धरणारी पोरे सगळी आपल्याकडची. साहेब भडकले. “कौन है ऊपर?” बाळा नावाचा त्यांचा म्होरक्या वरूनच म्हणाला, “साब, आदत है.” दुसऱ्या वेळीही तेच झाले. मग साहेबांनी सगळ्यांच्या तोंडात रुमाल कोंबायला लावले आणि तिसऱ्यांदा भाषण पार पडले.

त्यावर सिनेमातला शास्त्रज्ञ लोकांना अर्थ सांगतो, “वो कह रहा है, धरतीवालो, दिलों के बीच की दीवार गिरा दो!”

आत्या, मी देवाचे नाव घेतले नाही. रवळनाथ हा शब्द मुद्दाम टाळला. एवढी काळजी घेतली आहे. तरी तुझा पाय मुरगळला तो त्यानंतर लगेच. हे माझ्यामुळे झाले का?

लवू


कातळवाडी,
१४ फेब्रुवारी १९८६

चि. लवू,

पाय शेवाळामुळे मुरगळला. सगळंच आपल्यामुळे होतं असं समजू नकोस, तेवढा मोठा तू अजून झालेला नाहीस.

पण केलंस ते बरं नाही. तुझ्या पत्रावर मी दोन दिवस विचार केला. देवाचं नाव घेतलं नाहीस म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट पेटीत टाकलंस. ते आता कोणाच्या दारात जाऊन पडेल सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, मांडलेल्या गाऱ्हाण्याला व्हय म्हणणाऱ्यांची तोंडं बांधलीस. पहिल्या दोन वेळा म्हटलं ते सिनेमात नाही, आणि सिनेमात आहे त्याला कोणी व्हय म्हटलेलं नाही. असं गाऱ्हाणं लोंबकळत राहतं रे. ना इकडे, ना तिकडे.

तुझ्या साहेबाला सांग, ते शब्द काढ म्हणावं. दुसरं काहीतरी बडबड म्हणावं. तुम्हां मुंबईकरांना बडबडायला शब्द कमी पडले का?

आणि तो शास्त्रज्ञ कोण आहे? त्याला म्हणावं, दिलाबिलाचं काही नाही, बावीचं आहे. एवढं शिकून साधा गडगा समजला नाही.

माझ्यासाठी आता सुंदराबाई पाणी आणते. मार्तंड देवळात गेला की ती गडग्यावरून कळशी इकडे देते. स्वतःच्याच घराच्या गडग्यावरून चोरासारखी. उद्या मार्तंडाने पाहिलं तर तिचं काय होईल या विचाराने ते पाणी घशाखाली उतरत नाही.

शेवंती


विक्रोळी,
३० मार्च १९८६

ती. आत्या,

तू सांगितल्याप्रमाणे केले. अंधेरीच्या स्टुडिओत आवाज भरण्याचे काम चालू होते. मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि शब्द बदलण्याची विनंती केली.

“क्यों?”

“साहेब, देव कोपेल.”

“कौन सा देव? कुडाल का?” सगळे हसले. साहेब म्हणाले, “अरे, उसका तो पृथ्वी पे डिस्ट्रिब्यूशन ही नहीं है.”

मी बाहेर येऊन चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो. चहा बशीत ओतला. मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “लवू, भिया नको.”

वळून पाहिले तर रिकीसाहेब. रंग धुतल्यावर ते सावळे आहेत.

आत्या, त्यांचे खरे नाव कायतान फर्नांडिस. मालाडला ओर्लेममध्ये राहतात. आजी वेंगुर्ल्याची. नाताळची सुट्टी आजीकडे जायची. जत्रेत आजीचे बोट धरून देवळाच्या बाहेर उभे राहायचे, गाऱ्हाणे ऐकायचे आणि खाजे खायचे. माझे भाषण ऐकल्याबरोबर त्यांना सगळे समजले होते. पुठ्ठा का लागला नाही ते मला आता कळले. मग मीही त्यांना तुझी आणि गडग्याची गोष्ट सांगितली.

मी विचारले, “मग तुम्ही सगळ्यांशी इंग्रजीच का बोलता?”

ते म्हणाले, “रॉकस्टार वेंगुर्ल्याचो म्हटलां तर तिकीट कोण काढतलो रे? माका सगळे भायरचोच समाजतत. तसांच बरां.” मग म्हणाले, “आणि ह्या सिनेमात निळो रंग फुकट फासलो. माका आधीच कोण ओळखीत नाय.”

चहा संपवून त्यांनी आणखी एक विचारले. माझा पगार विचारला नाही, सिनेमा चालेल का तेही विचारले नाही. त्यांनी विचारले, “तुझ्या आत्येची वाट सुटली?”

मी नाही म्हटले. ते म्हणाले, “सुटली तर माका कळव. पाच नारळ मी कबूल केलंय, तू नाय. तोंड माझां होतां.”

शब्द बदलायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, सबंध सिनेमात तेवढेच एक वाक्य खरे आहे.

सुंदराबाईंना जपायला सांग. गडग्यावरून कळशी देताना पितळेचा आवाज होतो. मधे फडके धरावे.

तुझा,
लवू


विक्रोळी,
२ डिसेंबर १९८६

ती. आत्या,

सिनेमा लागला आणि गेला. दुसऱ्या शुक्रवारी पोस्टरवर दुसरे पोस्टर चिकटले. यान एकाच बाजूने दिसते हे लोकांच्या लक्षात आले. एका पेपरात मात्र लिहून आले, की परग्रहाच्या भाषेवर घेतलेले परिश्रम थक्क करणारे आहेत.

ते वाचून प्राध्यापक टिपणीस परत आले. ती भाषा आपलीच, असे ते आता सांगतात. मुलुंडला त्यांचे व्याख्यान होते, मी मागे बसून ऐकले. ‘म्हाराजा’ या शब्दाचा अर्थ त्या ग्रहावर प्राणवायू असा होतो, म्हणून तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी घ्यावा लागतो, असे त्यांनी फळ्यावर लिहून दाखवले. मग ती ओळ म्हणून दाखवली. माझ्या शेजारचे एक आजोबा पेंगत होते. त्यांनी झोपेतच “व्हय म्हाराजा” म्हटले. प्राध्यापक म्हणाले, “पाहा! निव्वळ ध्वनीचा परिणाम!” टाळ्या झाल्या. शाल आणि श्रीफळ मिळाले. ते गाऱ्हाणे आपले म्हणून सांगायला मला धीर झाला नाही, त्यांना झाला.

आता मुख्य काळजी. सिनेमा पडल्यामुळे त्याच्या प्रती स्वस्तात विकल्या. एक प्रत आपल्या भागात जत्रांना फिरणाऱ्या तंबूवाल्याने घेतली आहे. जाहिरातीत ‘कुडाळचा हिरो’ असे लिहिणार आहे म्हणे. आपल्या जत्रेला तो तंबू आला तर काय होईल? काकांच्या गडग्याची गोष्ट पडद्यावर, सगळ्या गावासमोर! त्यांना वाटेल मी मुंबईत बसून त्यांची बदनामी केली. मग सुंदराबाईंची कळशीही बंद होईल.

तू खेळाला जाऊ नकोस. काकांना तर मुळीच जाऊ देऊ नकोस. काहीतरी कारण काढ.

काळजीत असलेला,
लवू


कातळवाडी,
१२ डिसेंबर १९८६

चि. लवू,

तुझं पत्र जत्रेच्या आदल्या दिवशी मिळालं. मार्तंडाला जाऊ देऊ नकोस म्हणतोस. गावकार तो. तंबूवाल्याने त्याला मानाचा नारळ दिला, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी त्याला कोणत्या तोंडाने अडवणार? अडवण्याचं काम त्याचं, माझं नव्हे. आणि मी गेले. माझ्या गाऱ्हाण्याला मीच गेले नाही तर कोण जाणार?

सांजवेळचा खेळ होता. तंबू गच्च भरला. ग्रहाचं नाव कुडाळ आहे म्हटल्यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. तुझं अक्षर यानावर मी लगेच ओळखलं. ‘ळ’ची शेपटी अजून तशीच काढतोस. तुझा निळा पाहुणा मला आवडला. केस जरा विंचरायला हवे होते.

तंबूवाल्याचा भोंगा मात्र फाटका. अर्धं ऐकू येई, अर्धं नाही. पाहुण्याने हात वर केले आणि भाषणाला सुरुवात केली. भोंग्यातून नुसती कुजबुज. पण “बा देवा म्हाराजा” एवढं सगळ्यांनी ओळखलं. मागून लोक ओरडले, “आयकाक येणा नाय! मोठ्यान!”

आणि मग काय झालं सांगते. पुढच्या खुर्चीतून मार्तंड उठला. टोपी नीट केली, हात जोडले. अरे, जन्मभर त्याने तेच केलं आहे ना? कोणीतरी कानाशी कुजबुजायचं आणि याने मोठ्याने देवाला सांगायचं. आता तर देवच समोर उजेडात उभा, निळा. पाहुणा कुजबुजला, मार्तंड गरजला. “ह्यां लेकरू आज तुझ्या पायाकडे गाऱ्हाणां घेवन उभां आसा, तां मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” तंबूचं कापड हललं.

“बावीची वाट जेणी गडगो घालून अडवली आसा, तेच्या मनात उजेड पाड…”

इथे तो थांबला. शब्द तोंडातून गेले होते, अर्थ मागून चालत आला. पडद्याच्या उजेडात मला त्याचा कान दिसत होता. लाल झाला होता. पुढचं म्हणावं तर वाट मोकळी करावी लागते, न म्हणावं तर देवापुढे गावकार गाऱ्हाणं अर्धं टाकून बसला असं होतं. त्याच्या घराण्यात असं कोणी केलं नाही. पडद्यावर पाहुणा केव्हाच पुढे गेला होता, कोणीतरी त्याच्यावर बंदुका रोखल्या होत्या, पण त्याच्याकडे कोण बघतंय?

मार्तंडाने घसा साफ केला आणि बारीक आवाजात म्हणाला, “आणि ती वाट मोकळी कर रे म्हाराजा.”

पहिला व्हय कोणाचा आला ठाऊक आहे? सुंदराबाईचा. बायकांनी व्हय म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पण तंबू म्हणजे देऊळ नव्हे. तिच्यामागून सगळा गाव म्हणाला. मग तो शास्त्रज्ञ दिलाचं काहीतरी बोलला, तेव्हा मागचा एक पोरगा ओरडला, “गप रव! तुका काय कळता?”

घरी येताना पाहुण्याचं खरं नाव माझ्या तोंडून निघून गेलं आणि वाद झाला. कोणी म्हणे, क्रिस्तांवाच्या तोंडचं गाऱ्हाणं लागू होत नाही. कोणी म्हणे, परग्रहवाल्याला गावात मान नाही. कोणी म्हणे, देवाचं नावच घेतलेलं नाही. मार्तंडाला तेवढंच हवं होतं. तो म्हणाला, “तांच तर! तां गाऱ्हाणां माझां न्हयच.” सुंदराबाई त्याच्या पुढून चालत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, “गाऱ्हाणां कोणाचां तां ऱ्हवांदे. तोंड कोणाचां होतां तां सांगा.”

सकाळी मी दार उघडलं तर मार्तंड आणि त्याचा गडी चिरे उचलत होते. मी ओटीवर उभी राहिले. तो वर न बघता म्हणाला, “शेवंते, कोंबड्ये मात्र बांधून ठेव.” मी म्हटलं, “कोंबड्येंनी गाऱ्हाणां घालूक नाय, मी घातलंय. तेंका कित्याक बांधू?” त्यालाही हसू आलं. नवा चष्मा पुसत बसला. मग स्वतःच कळशी भरून माझ्या ओटीवर ठेवून गेला. उद्यापासून ठेवणार नाही, ते ठाऊक आहे. पण एक दिवस ठेवली.

म्हणजे तुझं बिनपत्त्याचं पाकीट जिथे वाचलं गेलं तिथेच पोचलं. आता काळजी करायला दुसरं काहीतरी शोध.

राहिले पाच नारळ. ते त्या कायतानाच्या तोंडून कबूल झालेत, तेव्हा त्यालाच घेऊन ये. होळीला या दोघे. आम्ही त्याला इकडचाच समजू, त्याची इच्छा असो वा नसो. आणि त्याला म्हणावं, निळं तोंड घेऊन देवळात येऊ नकोस, देवाला माणूस ओळखता आला पाहिजे. तसाच आला तरी हरकत नाही. घरी धुऊ. पाणी आता जवळ आहे.

शेवंती